घराचा बाहेरचा नंबर

आमच्या घराला इंटरनेटचे दोन नंबर आहेत. एक आतला, एक बाहेरचा. आतला राउटरच्या पोटाखाली चिकटपट्टीवर छापलेला आहे आणि तो कधी बदलत नाही. बाहेरचा कुठेच लिहिलेला नसतो. तो विचारावा लागतो, आणि वीज जाऊन आली की तो बदलतो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तुडीलच्या शाळेत. सत्तरी उलटल्यावर मला हे शिकावं लागलं, कारण मालकांना लकवा झाला आणि मुलगा आखातात होता. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्या बाजूला बायका नवऱ्याला मालक म्हणतात. त्यात मालकी किती, ते ज्याच्या त्याच्या घरी.

मालकांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज पूर्ण होती. महाडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरने सांगितलं की आता जे आहे ते एवढंच, सांभाळा. मुलगा महिन्याची रजा काढून आला होता. तो तिकडे विजेचं काम करतो, त्यामुळे हातात पक्कड आली की त्याला बरं वाटतं. त्याने ओटीवर खाट टाकली, भिंतीत दोन प्लग वाढवले, राउटर बसवून घेतला आणि खाटेच्या समोर वाशाला एक कॅमेरा लावला. पेरूएवढा, पांढरा. त्याला मान होती. मुलगा तिकडून मोबाईलवर बोट फिरवील तशी ती इकडे वळायची आणि वळताना बारीक टर्र आवाज व्हायचा.

तो ज्या देशात आहे तिथे फोनवर एकमेकांची तोंडं बघत बोलायला बंदी आहे. मालकांना बोलता येत नव्हतं, म्हणजे साध्या फोनचाही उपयोग नव्हता. म्हणून कॅमेरा. कॅमेऱ्याच्या कंपनीची सोय होती, तिच्या मार्फत कुठूनही बघता येतं, पण ती त्याने घेतली नाही. म्हणाला, बाबांना आपण इथे धुवायचं, पुसायचं, त्यांचं उघडं अंग दुसऱ्याच्या कंप्युटरमधून फिरायला नको. त्याच्या मोबाईलवरून थेट आमच्या घरात, मध्ये कोणी नाही. त्यासाठी त्याला घराचा बाहेरचा नंबर लागत असे.

मी त्याला विचारलं, आतला नंबर छापलेला आहे की, तोच घे. जावेच्या घरी राउटर आहे, त्याच्या पोटावरही तोच नंबर छापलेला मी बघितला होता. माझी जाऊ म्हणजे धाकट्या दिराची बायको, आमची भिंत एकच. मुलगा म्हणाला, "घरात मी तुला आये म्हणतो, ते बरोबर हाय. पोलादपूरच्या बाजारात उभा राहून आये म्हणून ओरडलो तर किती जणी वळतील?"

ते मला लगेच समजलं.

जाण्याआधी त्याने माझ्या मोबाईलच्या तोंडावर एक चौकोन करून ठेवला. वीज जाऊन आली की राउटरचा दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं. मग मोबाईलचा स्वतःचा नेट बंद करायचा, घरचा चालू ठेवायचा, आणि चौकोन दाबायचा. एक पान उघडतं. त्यावर आपलं घर बाहेरून कसं दिसतं तो नंबर येतो. चार तुकडे, मध्ये टिंबं. तो वाचून आवाजाचा निरोप पाठवायचा. मला टाईप करता येत नाही, पण आकडे येतात. एसटीचे फलक वाचून इंग्रजी आकडे कुणालाही येतात.

पहिल्या वेळी मी चुकले. मोबाईलचा नेट बंद करायचा राहिला आणि मी जो नंबर आला तो सांगून टाकला. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. हसत होता. "आये, तू टॉवरचा नंबर दिलास. मी मघापासून डोंगरावरच्या टॉवरला बाबा, बाबा करतोय." मीही हसले. ती खरी चूक होती. पुढे जे झालं त्यात हीच चूक माझ्या कामी आली. आये चुकू शकते, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं.

त्यानंतर मी चुकले नाही. आधी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत नंबर लिहायचे, मग चौकट बघून बोलायचे. आमच्या कॅलेंडरवर सगळंच असतं. गाय कधी फळली, गॅसची टाकी कधी लावली, मालकांची लघवीची नळी कधी बदलली. उमरठच्या वाटेवर आमचं गाव आहे, तिथे वीज जायला फांदी हलली तरी पुरते. एखाद्या महिन्यात पानावर कोरी जागा राहायची नाही.

रोज आमच्या दुपारी तीनला तिकडे त्याची जेवणाची सुट्टी व्हायची. टर्र आवाज यायचा, मान वळायची, आणि मालक डावा हात वर करायचे. नमस्काराला करतात तसा नाही. नुसता वर धरायचे, मान पुन्हा सरळ होईपर्यंत. पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात माझ्यासाठी त्यांनी हात वर केला तो वेगळ्या कारणाने. मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्या काळात ते घरोघरी होतं. सांगायचं एवढंच की ते प्रेम दाखवणारे गृहस्थ नव्हते, आणि पडल्यावर त्यांना दिवसातली ही दहा मिनिटं लागायची. पावणेतीनपासून घड्याळाकडे नजर असायची.

आणखी एक गंमत होती. वीज आली की कॅमेरा आपला आपण एकदा मान गोल फिरवून घेतो आणि जागेवर येतो. त्यात मुलगा नसतो, ते यंत्राचं आपलं असतं. मालक सुरुवातीला फसायचे आणि हात वर करायचे. मग त्यांना फरक कळला. मला त्यांच्या आधी कळला होता.

मुलगा बघायचा आणि मग मला फोन करायचा. उशी खाली गेलीय. पंखा बाबांच्या अंगावर येतोय. केळं कुणी दिलं, खोकला आहे ना. मी ऐकून घ्यायचे. तो लांब आहे, त्याच्या हातात दुसरं काही नाही, हे मला कळत होतं. पण तीन वेळा त्यांची कूस बदलणारी, बिछाना धुणारी मी, आणि उशी दिसते ती त्याला. पुढे भाताची कापणी आली. मजुरीला माणूस मिळेना. मी सकाळी मालकांना भरवून, पुसून दोन तास शेतात जायचे, जाऊ अधूनमधून डोकावायची. त्याचा फोन आला की बाबा दोन तास एकटे होते. मी म्हटलं, भात कोण कापणार, कॅमेरा? त्याने फोन ठेवला. मला वाटलं, जिंकले.

मग तो दिवस आला.

मालकांना लघवीची नळी लावलेली होती. डाव्या हाताने ते ती ओढायचे. दोनदा ओढून काढली, रक्त आलं, दोन्ही वेळा रिक्षा करून महाड गाठावं लागलं. त्या दुपारी तिसऱ्यांदा हात नळीकडे गेला. मी तो धरून बाजूला ठेवला. पुन्हा गेला. मी हातावर फटका मारला. जोरात मारला, खोटं सांगत नाही. जाऊ दारात बसून तांदूळ निवडत होती. आणि वाशावरून आवाज आला, "आये, मारू नको बाबांना."

कॅमेऱ्याला तोंड आहे हे मला त्याने सांगितलं होतं, पण तोवर कधी वापरलं नव्हतं. जाऊ सुपासकट दचकली. वर बघत म्हणाली, "अगो बाय, वासा बोलला काय?"

मालकांनी हात वर केला, मुलाचा आवाज ऐकून. मी आत जाऊन चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेले तर गोष्ट माझ्या आधी पोचलेली. एक म्हणाली, म्हातारे, सांभाळून, तुझ्या घरात भिंतीला डोळे पण हायत नि जीभ पण हाय. दुसरीने विचारलं, किती मारतेस गो म्हाताऱ्याला? थट्टाच होती. पण माझी उभी हयात गेली त्या गावात, कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं. हंडा भरेपर्यंत मी तिथे उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत घरी आले.

त्याच संध्याकाळी विजा झाल्या, वारा आला, वरच्या वळणावर झाड तारांवर पडलं. दोन दिवस वीज नव्हती. राउटर मेलेला, कॅमेरा मेलेला. मला ते दोन दिवस बरे गेले. पदर कमरेला खोचून ओटीवर वावरले, मालकांना ओरडायचं तर ओरडले, आणि वर बघावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वीज आली. कॅमेऱ्याने मान फिरवली. मालकांनी हात वर केला नाही, त्यांना माहीत होतं. पण माझ्याकडे बघितलं. नंबर वाच, असं ते बघणं होतं.

मी हिरव्या दिव्याची वाट बघितली. मोबाईलचा नेट बंद केला. चौकोन दाबला. नंबरचा शेवटचा तुकडा सत्तेचाळीस होता. कॅलेंडरवर सत्तेचाळीस लिहिला. मग बटण दाबून निरोप बोलले, आणि शेवटी एक्केचाळीस म्हटलं.

तोंडातून निसटलं असं नाही. लिहितानाच ठरलं होतं. दोन दिवस त्याला दाखवायचं की बोलायचं कुणाला आणि कुणासमोर, आणि मग सरळ नंबर द्यायचा, असा माझा बेत होता. खरा नंबर कॅलेंडरवर म्हणूनच लिहून ठेवला होता.

त्याचा फोन आला, लागत नाही. मी म्हटलं, दिवा हिरवा हाय. पुन्हा वाच म्हणाला, मी पुन्हा एक्केचाळीस वाचला. संध्याकाळी त्याचा आवाज वेगळा होता. म्हणाला, "मीच कायतरी चुकीचं लावलंय, आये. इकडे सुट्टी मिळाली की बघतो." मग चाचरत म्हणाला की त्या दिवशी काकीसमोर बोललो ते बरोबर नव्हतं. मी हूं म्हटलं. तिथेच संपायला हवं होतं. त्याने माफी मागितल्यासारखंच केलं होतं. पण मला वाटलं, अजून एक दिवस.

त्याने बाबांचा फोटो पाठव म्हटलं. मी मालकांचे केस विंचरले, चादर बदलली, ते झोपलेले असताना फोटो काढून पाठवला. बघणाऱ्याला वाटावं, काय सेवा आहे.

पहिले दोन दिवस मला आनंद झाला, हे लिहिलं पाहिजे. मला कोणी बघत नव्हतं आणि मुलगा नरम बोलत होता.

तिसऱ्या दिवशी तीन वाजता मालकांनी कॅमेऱ्याकडे बघायला सुरुवात केली, ते चारपर्यंत बघत राहिले. मी म्हटलं, कामात असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. चौथ्या दिवशी तीनला त्यांनी हात वर केला. मान वळलेली नव्हती. आवाज नव्हता. त्यांना वाटलं असेल की मुलगा बघतोय पण यंत्राची मान अडकली आहे. किंवा काय वाटलं मला माहीत नाही. हात वर धरला तो थरथरायला लागेपर्यंत. मी जाऊन तो खाली घेतला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या क्षणापासून मला हे थांबवायचं होतं. पण कसं? वीज गेल्याशिवाय नंबर बदलत नाही, हे मुलाला माहीत. त्याच्या मोबाईलवर इकडचीही वीज कळते, गावातल्या पोरांच्या गप्पांत सगळं येतं. मी अचानक सत्तेचाळीस म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग चार दिवस एक्केचाळीस कुठून वाचत होतीस? तर मी वीज जायची वाट बघायला लागले. वीज गेली, आली, की नवा नंबर. जुन्याचं नाव कोणी काढणार नाही.

वीज गेली नाही. एरवी दिवसातून तीनदा जाणारी. झाड पडल्यावर वीजवाल्यांनी त्या वळणापासून खालपर्यंत सगळ्या फांद्या तोडल्या होत्या, आणि आभाळ कोरडं झालं होतं. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. रोज तीनला हात वर व्हायचा. मग मी त्या वेळेला शेतात जायला लागले.

राउटरचं बटण बंद करून चालू केलं असतं तरी नंबर बदलला असता. हे मला सुचलं नाही असं मी कुणालाही सांगू शकते आणि कुणीही मानेल. पण सुचलं होतं. सातव्या दिवशी मी बटणापर्यंत गेले होते. बोट ठेवलं होतं. तेवढ्यात जावेची हाक आली, झोडणीला माणसं आलीत म्हणून. मी म्हटलं, उद्या करू.

नवव्या दिवशी सकाळी मी मालकांना चमच्याने चहा देत होते. पहिला चमचा गेला. दुसरा ओठांच्या कडेने खाली आला. मी पदराने पुसला आणि तिसरा भरला, मग डोळ्यांकडे लक्ष गेलं. एवढंच. आवाज नाही, काही नाही. मी चमचा पेल्यात ठेवला आणि जावेला हाक मारली.

पुतण्याने, जावेच्या मुलाने, माझ्या मुलाला फोन केला. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळत होतं. तेवढं थांबायची आमच्याकडे सोय नाही, आणि मुलानेच सांगितलं, थांबू नका. मग म्हणाला, आयेला द्या. मी फोन कानाला लावला. तो रडत नव्हता. "आये, उचलायच्या आधी एकदा नंबर बघशील? लागला तर लागला. नायतर नाय."

ओटी बायकांनी भरलेली होती. मालकांना खाली घेतलं होतं, उशाला दिवा होता. मी कोपऱ्यात जाऊन मोबाईलचा नेट बंद केला. मला बघून एकजण हळूच म्हणाली, हिला बघा, आता फोन. चौकोन दाबला. नऊ दिवसांपूर्वीचाच नंबर. मी बटण दाबून चारही तुकडे बोलले, शेवटी सत्तेचाळीस.

दोन मिनिटं गेली असतील. टर्र आवाज आला. मान आधी रिकाम्या खाटेकडे गेली, तिथे थांबली. मग खाली वळली. पायांवरून वर वर सरकत चेहऱ्यापाशी आली आणि थांबली. जाऊ वर बघून म्हणाली, "बघ रे बाबा, बघून घे." आणि मग सगळ्याच रडायला लागल्या. मी बघत होते तो डावा हात. तो पांढऱ्या कापडाखाली होता.

जिवंत बापासाठी एक्केचाळीस, मढ्यासाठी सत्तेचाळीस. त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यात आहे. भाकरी थापताना असतं, भांडी घासताना असतं.

अग्नी पुतण्याने दिला. मुलगा तिसऱ्या दिवशी राख सावडायला पोचला. दाराशी आला, वाशाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, हातपाय धुऊन घे.

कार्य होईपर्यंत घरात माणसं होती. तेरावं झालं, पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी सकाळी तो परतीचं तिकीट ठरवायला कॅलेंडरसमोर उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मी आतून बघत होते. पान मी फाडलं नव्हतं. फाडायचं मनात आलं होतं, पण फाडलं नव्हतं.

"हा सत्तेचाळीस कधीचा?" त्याने विचारलं.

"झाड पडलं नि वीज आली, त्या दिवसाचा."

त्याने खिशातून मोबाईल काढला, काहीतरी शोधलं आणि कानाला लावलं. माझाच आवाज होता, बाहेर ऐकू आला. एक्केचाळीस. स्वच्छ. कुठे अडखळ नाही.

मी कपडे वाळत घालायला निघाले. तो मागून म्हणाला, "चष्मा कधी केलायस?"

"दोन वर्षं झाली असतील."

"उद्या महाडला जाऊ. तुला सात नि एक नीट दिसत नसणार."

त्याने माझ्यासाठी वाट काढून ठेवली होती. मला फक्त त्या वाटेने चालायचं होतं. रात्रभर मी ठरवत होते की चालायचं. म्हातारी बाई, दोन वर्षांचा चष्मा, सात आणि एक. कोण दोष देईल? त्यालाही तेच हवं होतं, मला कळत होतं. बाप गेला, आता आई तरी धड राहू दे, असं त्याचं मन असेल.

महाडच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात एक मुलगी डोळे तपासते. तिने मला खुर्चीवर बसवलं, चष्मा घालूनच समोरचा फळा वाचायला सांगितला. मला मराठी अक्षरांचा फळा देऊ का म्हणाली. मी म्हटलं, आकड्यांचा दे. मुलगा माझ्या मागे स्टुलावर बसला होता. वरचे आकडे मोठे, खाली खाली बारीक होत गेलेले. वरच्या ओळी मी वाचल्या. त्या कुणीही वाचेल. शेवटून दुसरी वाचली. मग सगळ्यात खालची ओळ आली. आकडे मुंगीएवढे, आणि त्यात सात होता. मध्यभागीच होता. शेजारी एक.

"आजी, नसेल दिसत तर राहू दे," ती मुलगी म्हणाली.

सात दिसत नाही म्हणायचं होतं. किंवा एक म्हणायचं. घरून तेच ठरवून आले होते. मागे स्टूल जरा हललं.

मी ओळ वाचली. पाच, नऊ, सात, एक, तीन. सावकाश वाचली, एकेक आकडा वेगळा.

मुलगी हसली. म्हणाली, "आजी, चष्मा एकदम बरोबर आहे. एवढं बारीक तर माझ्या आईला पण दिसत नाही. कशाला उगीच खर्च करता?"

मुलाने तिचे तपासणीचे पैसे दिले. आम्ही स्टँडवर आलो. पोलादपूरची गाडी लागायची होती. तो बाकावर बसला, मी शेजारी. समोर एक बाई टोपलीतली ओलसर झालेली सुकट उन्हात पसरत होती. तो म्हणाला, "मग?"

"मग काय. मुद्दाम सांगितला."

"नऊ दिवस?"

"दोनच दिवसांचं ठरवलं होतं."

"का पण?"

"तू काकीसमोर बोललास म्हणून."

त्याने माझ्याकडे बघितलं. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच," मी म्हटलं. दुसरं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. मी शोधलं होतं. नव्हतं.

मग त्याने विचारलं, "बाबा बघत होते काय वर?"

इथे खोटं बोलले असते तर ते पाप नव्हतं, असं मला अजून वाटतं. पण मी त्याला सांगितलं, रोज तीनला हात वर करायचे. सहाव्या दिवसानंतर मी त्या वेळी घरात थांबत नव्हते, म्हणून पुढचं मला माहीत नाही.

तो उठला आणि स्टँडच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. गाडी आली तेव्हा मला चढवलं, खिडकीची जागा दिली. शेजारची जागा रिकामी होती, तरी तो पोलादपूरपर्यंत दांडीला धरून उभा राहिला.

तीन दिवसांनी तो गेला. त्या तीन दिवसांत माझ्याशी वाकडं बोलला नाही. गवताची व्यवस्था लावली, गॅसची टाकी आणून ठेवली. कॅमेरा काढला नाही. मी म्हटलं, आता कशाला, काढून टाक. तो म्हणाला, राहू दे. का राहू दे ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आठवड्याला फोन येतो. भात किती झालं, गाय कशी आहे, गुडघ्याचं तेल संपलं काय. नंबर काय आहे, असं तो विचारत नाही. मीच पाठवते. वीज जाऊन आली की हिरव्या दिव्याची वाट बघते, मोबाईलचा नेट बंद करते, चौकोन दाबते. कॅलेंडरवर लिहिते आणि चौकटीत बघून बोलते. बोलून झाल्यावर स्वतःचा निरोप लावून ऐकते आणि चौकटीशी ताडून बघते. जाऊ एकदा म्हणाली, "कोणाला दाखवायचं हाय गो आता, भाताच्या गोण्यांना?" खाट काढली तिथे गोण्या ठेवल्या आहेत, ते खरं आहे.

निरोप त्याने ऐकला की इकडे खुणेचा रंग बदलतो. तो बदलतो. म्हणजे नंबर त्याच्याकडे पोचतो. पुढे तो काय करतो मला माहीत नाही. अजून एकदाही दुपारी तीनला मान वळलेली नाही. त्या वेळेला मी आता शेतात जात नाही, ओटीवर असते.

काल पुन्हा वीज गेली. तासाभराने आली. वाशावर टर्र आवाज झाला, कॅमेऱ्याने मान गोल फिरवली, दारावरून, माझ्यावरून, गोण्यांवरून, आणि जागेवर आली. तो मुलगा नसतो, ते मला माहीत आहे. मान थांबली तशी मी चष्मा पुसला आणि नंबर वाचायला घेतला.